चांदीचं कातडं

कातडं पाण्यात बुडत नव्हतं. सिदूमामा ते पंजानं दाबून घंगाळाच्या तळाशी नेत, आणि हात काढला की ते एका बाजूनं फुगून हळूच वर येई. शेवटी त्यांनी अंगणाच्या कुडाजवळचे धोंडे आणून त्यावर ठेवले. केसांची बाजू वर होती. पांढरे केस, मानेकडे जरा करडे. पाण्यावर तुपकट तवंग आला होता आणि वास असा, की मी ओढणी नाकाला लावून उभी होते.

“ही चांदी,” मामा म्हणाले. “वळखलीस का?”

ओळखली. आठवड्यापूर्वीच तिनं याच ओढणीचं टोक चावून चावून चोथा केला होता.

“कापलीत तिला?”

“चांदीला मी कापीन व्हय? मेली ती. मंगळवारी सांजच्याला चांगली रवंथ करत बसलीवती. सकाळी बघतो तर पडल्याली. पोट टम्म, नाकातनं काळं रगत. आन् पाय बघावं तर मऊ. मेल्यालं जनावर लाकडागत ताठतं. ही ताठलीच न्हाई.”

“मी म्हनत हुते, पुरून टाका,” चुलीपुढून मामी म्हणाल्या. मामी म्हणजे त्यांची बायको, तानूबाई. “पोटच्या पोरीवानी वाढवली आन् आता तिचं कातडं सोलून बसल्यात.”

“पुरून काय हुईल? माती हुईल. त्यापरीस तुज्या, कुंदाबाईच्या मांडीवर बाजा हून बसंल आन् बोलंल.” मामांनी ओला हात धोतराला पुसला आणि मनगटाच्या वरच्या बाजूला खाजवलं. तिथं एक लालसर पुळी होती, डास चावल्यावर येते तशी. “लई डास झाल्यात औंदा,” ते म्हणाले.

याला आता पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी तालुक्याच्या कोर्टात स्टेनो होते. लग्न झालेलं नव्हतं, होईल असं घरात कुणाला वाटतही नव्हतं, आणि भाऊ-भावजयीच्या घरात मी माझ्या खोलीपुरती राहायचे. एका वर्षी ऑफिसच्या बायकांबरोबर गोव्याला गेले होते. किनाऱ्यावर संध्याकाळी काही माणसं गोल करून बसली होती आणि प्रत्येकाच्या गुडघ्यांत एक बाजा होता, पेल्यासारखा, वर रुंद, मधे कंबर, तोंडावर कातडं. नुसत्या हातांनी वाजवत होती. बाकीच्या बायका फोटो काढून पुढे गेल्या. मी उभी राहिले. तो आवाज कानात येत नव्हता, तळपायांतून वर चढत होता. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या दुकानातून मी तसा एक बाजा विकत घेतला. जेम्बे म्हणतात त्याला, आफ्रिकेतला. दुकानदारानं त्यावर कासव रंगवलेलं होतं.

घरी आणला आणि मग प्रश्न आला, शिकवणार कोण. तालुक्यातले तबल्याचे सर हसले. हलगीवाल्यांनी त्यावर थापा मारून पाहिल्या आणि म्हणाले, हे आमच्यातलं नाही. भावजय म्हणाली, त्यात छत्र्या ठेवू. असंच वर्ष गेलं. मग एकदा त्याची दोरी सुटली म्हणून बाजारच्या दिवशी ढोलकी मढवणाऱ्या माणसाकडे घेऊन गेले. त्यानं तो उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “हे बांधणारा ह्या भागात एकच गडी हाय. सिदू कोळेकर. पिराच्या माळावर वस्ती हाय त्याची.”

सिदूमामा तेव्हा पन्नाशीचे असतील. धनगराचं घर, मेंढरं कमी होत होत शेळ्यांवर आलेलं. जत्रेत धनगरांचा गजी नाच असला की पूर्वी ढोल त्यांच्याकडे असे. ऐन तारुण्यात घरात भांडून ते गोव्याला गेले आणि किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात राखणदार म्हणून बरीच वर्षं राहिले. तिथं गिनी देशाचा एक वादक दर हंगामाला यायचा. मामादू नाव. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. “बोलायची गरजच पडली न्हाई,” मामा सांगायचे. “त्यो हातानं इचारायचा, म्या हातानं सांगायचा.” वडील गेल्यावर ते परत आले ते स्वतः कोरलेला एक जेम्बे खांद्याला लावूनच.

माझा कासववाला बाजा त्यांनी पहिल्या दिवशी बोटानं टिचकी मारून पाहिला. “बाई, ही फुलदानी हाय,” ते म्हणाले. पण शिकवायला नाही म्हणाले नाहीत. पैशाचं विचारलं तर मामींकडे बोट केलं, आणि मामी म्हणाल्या, येताना चहा-साखर आणत जा.

दर शनिवारी दुपारी कोर्ट सुटलं की मी एसटीनं फाट्यावर उतरायचे आणि माळ चढून वस्तीवर जायचे. सुरुवातीचे काही महिने त्यांनी मला तीनच आवाज दिले. मधोमध तळहात पडला की घूम. काठाला बोटं जोडून पडली की टोंग. बोटं सैल सोडून काठावर फटकारली की चट. माझी बोटं टाइप करून करून स्वतंत्र झालेली, प्रत्येक बोट आपलं वेगळं पडायचं. “चिमण्या दानं टिपत्यात तसं करू नगंस,” मामा म्हणत. “सगळा हात एक कर.” मामी दाण्याचं कूट करता करता ऐकत असत. माझा टोंग बिघडला की मामांच्या आधी त्यांची मान हलायची. तळव्यांना भेगा पडल्या तेव्हा त्यांनीच कोकम तेल गरम करून लावलं होतं. बोलायच्या कमी, पण मी गेले की त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की वाट पाहत होत्या. त्यांना मूल नव्हतं.

वर्षभरानं माझ्या फुलदाणीचं कातडं मधोमध फाटलं. मामांनी सुकलेल्या एका बाभळीच्या बुंध्यातून माझ्यासाठी नवा जेम्बे कोरायला घेतला. तो कोरून तयार झाला, आणि चांदी मेली.

पुढच्या शनिवारी माळ चढताना काहीतरी वेगळं वाटत होतं. खालच्या अंगाला उन्हाळ्यात जेसीबी लावून नवं शेततळं खोदलं होतं. त्याची तांबडी माती दूरवर पसरली होती आणि एरवी त्या बाजूला चरणाऱ्या शेळ्या दिसत नव्हत्या. वस्तीच्या हातपंपावर बायका उभ्या होत्या. मी नेहमीसारखं “काय म्हणताय” म्हटलं. कुणी बोललं नाही. एकीनं पोराला मागं ओढलं.

मामांच्या दाराला आतून कडी होती. मी हाक मारल्यावर मामींनी उघडलं, मला आत घेतलं आणि परत लावून घेतलं.

“वारं सुटलंय,” त्या म्हणाल्या. “केसं उडत्यात. परवा चटणीत गेल्ती.”

आत खिडकी नव्हती. कौलातल्या काचेतून पडणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात मामा बसले होते. पायांत माझा नवा जेम्बे, त्यावर चांदीचं कातडं मढवून, दोऱ्या ताणून, वाळवून कडक केलेलं. दाढीच्या पात्यानं ते केस काढत होते. कोरडे पांढरे केस आणि त्यांच्याबरोबर बारीक कोंडा, पिठासारखा, उजेडात तरंगत होता. मामी वाकून केरसुणीनं ते गोळा करत होत्या, आणि गोळा झालं की पुन्हा थोडं उडत होतं.

मला दोन शिंका आल्या. मामींनी मला बाहेरच्या सोप्यात बसवलं. “हितं बस तू. काळं कापड हाय तुजं, समदं चिकटंल.”

मी सोप्यात बसले तेव्हा मामांचा जुना जेम्बे, गोव्याहून आणलेला, भिंतीला टेकवलेला दिसला. त्याच्या दोऱ्या कापलेल्या होत्या. सुटलेल्या नव्हत्या, विळ्यानं सरळ कापलेल्या. कातडं ढिलं पडून एका बाजूला लोंबत होतं.

“हे काय झालं?”

“धुळाच्या घरातलं काम हाय,” मामा आतून म्हणाले, पातं न थांबवता. “त्येची दोन बोकडं गेली. आन् खालच्या आळीतली एक गाभण शेळी. सगळी चांदीगत. रातीत.”

“मग तुमच्या ढोलाचा काय संबंध?”

उत्तर बाहेरून आलं. धुळा शेंडगे अंगणात उभा होता. मामांपेक्षा थोडा लहान, लहानपणी मामांच्याच बरोबर गजी नाचलेला. तो आत आला नाही.

“बाई, तुमी शिकल्याल्या हायसा,” तो मला म्हणाला. “तुमीच सांगा. चांदी मेली, त्येच्या आदल्या सांजंला ह्यो वाजवत हुता. माझी बोकडं गेली, त्येच्या आदल्या सांजंलाबी.”

“मी रोजच वाजवतो की रं,” मामा आतून म्हणाले.

“त्येच सांगतुय मी.” धुळाचा आवाज चढला नव्हता. “आपला ढोल देवाला उठवतो, सिदू. ह्यो परमुलखातला बाजा कुणाला उठवतोय, ते तुला तरी ठावं हाय का?”

मामांचं पातं थांबलं. ते दारात आले. हाताची बाही वर सारलेली होती आणि मला त्यांचा हात दिसला. आठवड्यापूर्वीची पुळी आता रुपयाएवढी झाली होती. मधे पाण्याचा फोड, भोवती आणखी बारीक फोडांचं कडं, आणि कोपरापर्यंत हात सुजून चकाकत होता.

“दोऱ्या कापायच्या हुत्या तर मला हाक मारायची,” मामा त्याला म्हणाले. “चोरावानी कशाला आलास?”

धुळा निघून गेला.

“मामा, हात दाखवा डॉक्टरला,” मी म्हणाले.

“दुखत न्हाई.”

“एवढा सुजलाय.”

“पर दुखत न्हाई. दुखलं तर जाईन.” त्यांनी बाही खाली ओढली. “किडा चावलाय कायतरी. शेन-मातीतल्या मानसाला हुतंच.”

मी मामींकडे पाहिलं. त्या केरसुणी आपटून तिच्यातले केस झाडत होत्या. “माझं ऐकतंय कोण,” त्या म्हणाल्या आणि खोकल्या. मी तालुक्याला गेल्यावर औषधाच्या दुकानातून मलम घेऊन एसटीच्या कंडक्टरबरोबर फाट्यावरच्या पानटपरीत पाठवलं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं, आणि त्यांनी लावलंही.

तिसऱ्या शनिवारी मी एसटीतून उतरले तेव्हा फाट्यावर सरकारी जीप उभी होती. माळावर धुळाच्या गोठ्याजवळ माणसं जमली होती, पण जवळ कुणी जात नव्हतं. जमिनीवर ताडपत्री होती, तिच्याखाली उंचवटे, आणि सगळीकडे चुन्याची पांढरी भुकटी पसरलेली. हातमोजे घातलेली, तोंडाला फडकं बांधलेली एक बाई गुडघ्यावर बसून एका मेलेल्या शेळीच्या कानाच्या टोकाला सुई लावून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेत होती. त्या तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर, फरीदा मुलाणी. कोर्टात एकदा साक्षीला आल्या होत्या म्हणून मी चेहऱ्यानं ओळखत होते. त्यांनी मान वर करून मला सांगितलं, “ताई, इकडनं जाऊ नका. लांबून जा.”

मामा अंगणात वाट पाहत होते. हात फडक्यात बांधलेला होता. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत उत्साह होता.

“त्यांचं त्यांना करू दे,” ते म्हणाले. “आपलं आपन करू. बस.”

मामी दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “ताप हुता बुधवारपास्नं. छातीत जड वाटत हुतं. आज बरं हाय. सकाळी भाकऱ्या केल्या की.” आणि खरंच, त्यांचा चेहरा बरा दिसत होता. मला पाहून हसल्याही.

मामांनी आतून माझा जेम्बे आणला. बाभळीचं लाकूड तेल देऊन गडद केलेलं. वर चांदीचं कातडं, आता गुळगुळीत, हस्तिदंती रंगाचं, एका बाजूला मानेकडचा करडा डाग तसाच राहिलेला. त्यांनी तो माझ्या गुडघ्यांत दिला आणि समोर पाटावर बसले.

“मार.”

मी मधोमध तळहात टाकला.

असा आवाज मी माझ्या हातानं पूर्वी काढला नव्हता. खोल विहिरीत धोंडा पडावा आणि वर यायला वेळ लागावा, तसा तो गेला आणि परत आला. चौकटीजवळ मामींनी डोळे मिटले. मी टोंग मारला, मग चट, मग हात आपसूक मामादूच्या तालात चालायला लागले, बाया शेतातनं परततानाचा म्हणून मामा शिकवत होते त्या. मामा मान हलवत होते. कुडाच्या पलीकडे एकेक माणूस येऊन उभं राहत होतं. मी मान वर केली नाही, पण मला ते कळत होतं. धुळा होता. त्याचा भाऊ होता. कुणाच्या तरी हातात काठी होती.

“सिदू,” धुळा म्हणाला. “थिकडं माझी जनावरं पडल्यात आन् तू वाजवतूस.”

“बाईला शिकवतोय.”

“बंद कर.”

मी थांबले. मामा उठले. काय झालं असतं ते मला माहीत नाही, कारण तेवढ्यात माणसांना बाजूला सारत डॉक्टरीण बाई आत आल्या. तोंडावरचं फडकं त्यांनी गळ्यात घेतलं होतं.

“वस्तीवर पहिली शेळी कुणाची मेली?”

“माझी,” मामा म्हणाले.

“कुठं पुरलीत? खड्डा दाखवा. चुना टाकायचाय.”

मामांनी बांधलेला हात मागं घेतला. डॉक्टरीण बाईंची नजर त्यावर गेली.

“फडकं सोडा.”

“किरकोळ हाय, बाई.”

“सोडा म्हणते.”

मामांनी फडकं सोडलं. फोड फुटून गेला होता. त्या जागी खोलगट, कोळशासारखी काळी खपली बसली होती, आणि भोवतीचा हात दंडापर्यंत सुजलेला.

डॉक्टरीण बाई जवळ गेल्या नाहीत. होत्या तिथूनच त्यांनी विचारलं, “दुखतं का?”

“न्हाई. तेच तर म्हनतोय. दुखत न्हाई.”

त्यांनी अगदी हळू, मुलाला विचारावं तसं विचारलं, “बाबा, ती शेळी तुम्ही सोललीत का?”

“व्हय.”

“कातडं कुठंय?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मामींनी पाहिलं. कुडावरची सगळी माणसं पाहायला लागली. कातडं माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे होतं आणि माझे दोन्ही तळहात त्यावर टेकलेले होते.

“हात उचला,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. “हळू. तोंडाला लावू नका. कपड्याला पुसू नका. तशाच उभ्या राहा.”

मी उभी राहिले. जेम्बे कलंडला आणि अंगणात थोडा घरंगळून थांबला. कुणी त्याला हात लावला नाही.

“काळपुळी,” त्या म्हणाल्या. तो शब्द धुळानं ऐकला असावा, कारण तो दोन पावलं मागं सरला. “जनावराची माणसाला होते. रक्तातनं, कातड्यातनं, केसांतनं. ही जमिनीत वर्षानुवर्षं बसून राहते. खाली तळं खोदलंय, तिथं पूर्वी काय होतं?”

कुडापलीकडून एका म्हाताऱ्यानं सांगितलं, “माझ्या बापाच्या वक्ताला मेंढरांची मर आलीवती. समदी थितंच पुरलीती.”

मग सगळं भराभर झालं. साबण आला, पाणी आलं, माझे हात कोपरापर्यंत पुन्हा पुन्हा धुतले गेले. डॉक्टरीण बाईंनी फोनवर कुणाकुणाशी बोलून घेतलं. मामांना आजच जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मला त्यांच्याबरोबर जायला सांगितलं, तपासणीसाठी.

“तुम्हाला काही होतंय का?” त्यांनी मामींना विचारलं.

“मला? न्हाई. ताप हुता, गेला.”

“अंगावर कुठं फोड, पुळी?”

मामींनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. स्वच्छ होते. राखेनं भांडी घासून घासून खरखरीत झालेले, पण एक ओरखडासुद्धा नव्हता.

“तरी चला तुम्ही पण.”

“आन् शेरडं? त्यांची धार कोन काढंल? आता ह्या वस्तीत कोन शिवनार हाय आमच्या शेरडांना?” त्यांनी कुडाकडे पाहिलं. तिथं कुणी उरलं नव्हतं. “मी उद्या येते. तुमी ह्यांना न्या.”

“सकाळी आरोग्य खात्याची माणसं येतील गोळ्या घेऊन. घ्यायच्या. चुकवायच्या नाहीत.”

“घेते की.”

जीप निघाली तेव्हा मामी अंगणात उभ्या होत्या. मामांना त्यांनी एवढंच विचारलं, “जेवलाय न्हवं?” मामांनी मान हलवली. मामींनी माझ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली. डॉक्टरीण बाईंनी ती काढून घेतली. मामींना ते लागलं असेल.

मामांच्या हाताला लगेच उतार पडला. दवाखान्यातले तरुण डॉक्टर म्हणाले, हातावरची काळपुळी दिसते भयंकर, पण वेळेत औषध मिळालं तर बरी होते. मला काही झालेलं नव्हतं, पण गोळ्या बरेच आठवडे घ्यायच्या होत्या. तो डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता सहज विचारत होता, शेळी कुणी सोलली, कातडं कुणी धुतलं, केस कुणी काढले. मी सांगत होते. दार लावून काढले, मी म्हणाले, वारा होता म्हणून. केर कोण काढत होतं, त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्याचा हात थांबला.

“त्यांना ताप आला होता का?”

“आला होता. पण गेला. आज बऱ्या होत्या.”

तो उठून बाहेर गेला आणि मला काचेतून दिसलं, तो फोनवर बोलत होता, एका हातानं कपाळ दाबून.

रुग्णवाहिका माळावर पोचली तेव्हा उजाडत होतं. मामी गोठ्यात सापडल्या. धार काढायला बसल्या होत्या. भांडं उपडं झालं होतं. श्वास चालू होता, पण दवाखान्याच्या वाटेवर थांबला. केसांबरोबर जे उडतं ते छातीत जातं, डॉक्टर मला म्हणाले, आणि मधे एक दिवस असा येतो की माणसाला वाटतं, बरं झालं.

मामांना सांगायला मीच गेले. ते पलंगावर उठून बसले होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिच्या हाताला काय नव्हतं की गं.” तेच पुन्हा म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

नंतर डॉक्टरीण बाई त्या वस्तीवर कितीतरी वेळा गेल्या. जनावरांना लस टोचली, तळं बुजवून भोवती काटेरी तार घातली. माझा जेम्बे, मामांचा गोव्याहून आणलेला, घंगाळ, केरसुणी, चटई, सगळं एका खड्ड्यात घालून जाळलं आणि वर चुना टाकला. त्यांनी देवळापुढं सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं, काळपुळी कशी येते, कशी जाते. लोकांनी ऐकलं, माना हलवल्या. आणि घरी जाताना आपसात म्हणाले, सिदूच्या ढोलानं बायको खाल्ली.

मी गेले ते महिन्याभरानं. हातपंपावरच्या बायकांनी पाठ फिरवली. मामांनी अंगण झाडलं नव्हतं. शेळ्या विकून टाकल्या होत्या. चहा त्यांनी स्वतः केला. त्यात साखर विसरले होते, मी तसाच प्यायले.

“जागा सोडा ही, मामा,” मी म्हणाले. “तुमची काही चूक नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना सगळ्यांना.”

“डॉक्टरीन म्हनती कातडं. वस्ती म्हनती आवाज,” मामा म्हणाले. “कायबी धरलंस तरी दोन्ही माझंच की गं.”

दुपार उतरत होती. मग ते म्हणाले, “त्या तालाचा शेवट राहिला हाय तुला द्यायचा. मामादूच्या. बाया शेतातनं परततानाचा.”

“मामा, राहू दे.”

“आर्धा घिऊन जाऊ नगंस.”

घरात बाजा नव्हता. मामांनी मांडी घातली आणि स्वतःच्या दोन्ही मांड्यांवर हात टाकले. उजव्या हातावर काळपुळीचा वण होता, गुळगुळीत, गुलाबी. त्यांनी शेवट वाजवून दाखवला, हळू. मी माझ्या मांडीवर तो उचलला. चुकला. पुन्हा घेतला. ओठांतल्या ओठांत ते बोल म्हणत होते. घूम, घूम, टोंग. कापडावर हात पडल्याचा आवाज कुडापलीकडं जाण्याइतकासुद्धा नव्हता.

तरी धुळा आला. कुडाच्या फटीत उभा राहिला. किती वेळ उभा होता कोण जाणे, मामांनीच त्याला आधी पाहिलं.

“सिदू,” धुळा म्हणाला, “आता तरी बास.”

मामांचे हात मांडीवरून उचलले गेले आणि तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले, मांडीच्या बाजूला, जमिनीवर. त्यांनी धुळाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

“तू थांबू नगंस,” ते म्हणाले.

मी थांबले नाही. तो शेवट मी सुरुवातीपासून घेतला आणि पुरा केला, एकदा चुकून, मग न चुकता. धुळा तिथंच होता. मामा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मी चपला घातल्या आणि फाट्याकडे निघाले.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. मामा कुठं गेले ते वस्तीवर कुणाला माहीत नव्हतं, किंवा कुणी मला सांगितलं नाही.